आधी तेल, मग रबर

कुकरच्या झाकणाच्या कडेनं वाफ सुटायला लागली आणि शिट्टी काही होईना, की घरातली माणसं रिंग काढून गार पाण्यात टाकतात आणि पुन्हा बसवतात. दोन-चार दिवस निभतात, मग नवी रिंग येते. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, म्हणून आपण तिचा फारसा विचार करत नाही. आता असं समजा, की दुकान अडीचशे किलोमीटरच्या पुढे नागपुरात आहे, मध्ये वैनगंगा आहे, पावसाळा लागलेला आहे, आणि कुकरच्या जागी लढाईच्या काळातल्या जीपचं इंजिन आहे. त्यातलं रबर गेलं तर काय करायचं?

जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात हा प्रश्न कितीतरी वर्षं रोजचा होता. जुन्या म्हणतो, कारण गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी ताडोबापासून सिरोंचापर्यंतचा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. मी १९६८ साली, पंधराव्या वर्षी, आलापल्लीच्या एका गॅरेजात हाताखाली लागलो. पुढे आयुष्यभर मुलांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवलं. पण आज सांगतोय ते त्या पहिल्या तीन-चार वर्षांत शिकलेलं आहे.

या गाड्या जंगलात आल्या कशा? दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी आणि इंग्रजी लष्कराच्या हजारो मोटारी हिंदुस्थानात पडून होत्या. सरकारनं त्या विकायला काढल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तेव्हापासून बसला. जीप होत्या, जीएमसी आणि शेव्हरोलेचे ट्रक होते. आलापल्लीचं सागवान तोवर बैलगाड्यांनी आणि हत्तींनी ओढलं जाई. तिथे ठेकेदारांनी या गाड्या आणल्या. जीपचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, इंजिन चार सिलिंडरचं, दोन लिटरच्या थोडं वर, साठ अश्वशक्तीचं. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप युद्धाच्या काळात बनवल्या होत्या. चिखलात, वाळूत, नाल्यात कुठेही जाणारी गाडी. जंगलाला आणखी काय हवं?

गाडी दणकट होती. तिच्यातलं रबर मात्र तिच्याइतकं टिकणारं नव्हतं.

इंजिनात तेल असतं, आणि फिरणारा दांडा त्या तेलातून बाहेर यावाच लागतो. जिथून तो बाहेर येतो तिथून तेलही बाहेर यायला बघतं. त्याला अडवणारी वस्तू म्हणजे सील. आजचं ऑइल सील तुम्ही पाहिलं असेल: पत्र्याचं कडं, त्याला आतून रबराचा ओठ, आणि ओठाच्या मागे बारीक गोल स्प्रिंग. ओठाचं तोंड तेलाकडे. उलटं बसवलं तर तेल खुशाल बाहेर. पण हे सील मोटारीपेक्षा वयानं लहान आहे. मोटारी आल्या तेव्हा दांड्याभोवती चामड्याचं कडं असे, नमद्याची पट्टी असे, नाहीतर ग्रॅफाइट लावलेली विणीची दोरी असे. झाकणांखाली बुचाचं किंवा जाड कागदाचं पॅकिंग असे.

रबर का नव्हतं? चार्ल्स गुडइयरनं गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची युक्ती १८३९ मध्येच शोधली होती. त्यामुळे रबर उन्हात वितळेना आणि थंडीत तडकेना. पण तेलाचं काय? झाडाच्या चिकापासून केलेलं रबर आणि जमिनीतून निघालेलं तेल, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनची भावंडं. रबराला पेट्रोल परकं वाटतच नाही. ते त्याला पोटात घेतं, फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी फाटतं. तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर, ज्याला आज आपण नायट्राइल म्हणतो, ते जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारास बनवलं. आज ज्या साध्या गोल ‘ओ-रिंग’विना एकही यंत्र चालत नाही, तिचं अमेरिकेतलं पेटंट नील्स ख्रिस्टेन्सन या मूळच्या डेन्मार्कच्या माणसाला मिळालं १९३९ मध्ये. मग १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया घेतला, झाडाचं रबर अमेरिकेला मिळेना, आणि तिथे कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले. जीप जन्मली ती नेमकी या सांध्यावर. म्हणून त्या काळच्या गाड्यांत चामडं, नमदा, बूच, दोरी, झाडाचं रबर आणि कृत्रिम रबर अशी सगळी मंडळी एकत्र नांदत होती. कुठे काय बसवलंय हे ओळखणं हेच अर्धं काम.

सुटे भाग मिळायचे, नाही असं नाही. मुंबईत १९४७ पासून महिंद्र यांनी जीप जोडायला घेतल्या होत्या, आणि त्यांच्या पुढच्या जीपच्या इंजिनाचं खालचं अंग बरंचसं जुन्यासारखंच असल्यानं काही वस्तू चालून जात. मुंबईचा चोरबाजार होता, दिल्लीचं काश्मिरी गेट होतं. पण परदेशी चलनाची टंचाई, आयातीचे परवाने, आणि आमच्यापर्यंत माल यायचा तो बल्लारशाला रेल्वेनं, तिथून लाकडाच्या परतणाऱ्या ट्रकमधून. चिठ्ठी पाठवल्यापासून महिना. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटलंच. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हाही तिकडे बारमाही रस्ता नव्हता.

आता माझ्या चुकीची गोष्ट. जुलै १९७१. एका ठेकेदाराची जीप भामरागडकडे मजुरी वाटायला जायची होती. तिच्या पेट्रोल पंपाला खाली काचेची वाटी होती. पेट्रोलमधला गाळ आणि पाणी त्यात साठतं. वाटीच्या काठावर बुचाची पातळ रिंग असते. ती तुटली होती. मिस्त्री अहेरीला गेले होते, ड्रायव्हर घाईत होता, आणि मी तीन वर्षांचा शिकलेला, म्हणजे सर्वज्ञ. मी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं छान गोल रिंग कापली, बसवली, तार आवळली. एक थेंब गळेना. मला इतका अभिमान वाटला, की मीही जीपमध्ये बसून गेलो.

जाताना काही झालं नाही. परतताना एका माडिया गावात एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन उभा होता. मुलगी तापानं फणफणलेली, डोळे वर. अहेरीच्या दवाखान्यापर्यंत न्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं. दोघांना घेतलं. पाऊस सुरू झाला होता. पुढे एका नाल्यात गाडी घातली आणि मधोमध इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बॉनेट उघडलं तर माझी ती छान रिंग पेट्रोल पिऊन फुगली होती, सुरकुतली होती आणि एका बाजूनं वाटीच्या बाहेर लोंबत होती. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत होता. पाणी फूटबोर्डाला लागलं होतं. आम्ही उतरलो. त्या बापानं काही न बोलता मुलीला खांद्यावर घेतलं आणि तो अंधारात चालू लागला. ड्रायव्हर त्याच्याबरोबर गेला. मी काठावर बसून नाल्याचं पाणी चढताना पाहत राहिलो.

मुलगी वाचली. मला ते कळायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मला अजून आठवतात. जीप पाचव्या दिवशी निघाली, आत बोनेटपर्यंत वाळू.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी चहाच्या तीन बशा मांडल्या. एकीत पेट्रोल, एकीत मोबिल ऑइल, एकीत एरंडेल. त्याच ट्यूबचे तीन सारखे तुकडे कापायला लावले, कागदावर ठेवून पेन्सिलनं कड काढून घ्यायला लावली आणि एकेक तुकडा एकेका बशीत टाकला. सकाळी पुन्हा कागदावर ठेवले. पेट्रोलमधला तुकडा रेघेच्या कितीतरी बाहेर गेला होता. मोबिलमधला थोडा कमी. एरंडेलातला तुकडा बरोबर रेघेवर. “पोट्ट्या,” ते म्हणाले, “तू रबर पायलं, तेल नाही पायलं. आधी तेल पाय, मंग रबर पाय.”

त्या एरंडेलाच्या बशीत ब्रेकची गोष्ट लपलेली होती. सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून केलेलं असे. एरंडेल झाडाचं, रबर झाडाचं; पण रसायन वेगळं, म्हणून दोघांचं भांडण होत नाही. ब्रेकच्या सिलिंडरमधल्या रबरी वाट्या त्यात वर्षानुवर्षं टिकत. पुढे ब्रेक ऑइलचं रसायन बदललं, पण खनिज तेल त्यात चालत नाही हा नियम तसाच राहिला. जंगलात ब्रेक ऑइल संपलं की एखादा ड्रायव्हर ‘तेल ते तेल’ म्हणून इंजिनाचं तेल ओतायचा. तासाभरात काही दिसत नसे. मग वाट्या फुगत आणि ब्रेक दाबलेले सुटत नसत, किंवा उतारावर लागत नसत. अशा गाड्या मी पुढे बऱ्याच दुरुस्त केल्या. सगळ्यांचे ड्रायव्हर भेटले असं मात्र नाही.

त्या दिवसानंतर मिस्त्री मला एकेक जागा दाखवू लागले. आणि गंमत अशी, की नवं रबर नसेल तिथे ते रबराच्या आधी जे होतं त्याकडे परत जात. चाकाच्या हबला सील नाही? चर्मकाराकडून म्हशीच्या चामड्याचं कडं कापून आणायचं, सालीनं कमावलेलं, कोमट तेलात आणि मेणात रात्रभर मुरवलेलं. सायकलच्या पंपात किंवा स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर असायचा, तो कोरडा पडला की आपण खोबरेल लावायचो, तीच विद्या. चामडं खरबरीत दांड्यावरही चालतं, उलट रबराचा ओठ तिथे फाटतो. पण फार तापणाऱ्या जागी ते करपतं, म्हणून हबला आणि गिअरबॉक्सला चामडं, इंजिनाच्या मागच्या टोकाला कधीच नाही.

पुढच्या अॅक्सलच्या गोळ्यांवर नमद्याच्या पट्ट्या असत, चिखल आत जाऊ नये म्हणून. तिथे जुनी घोंगडी. हे फार महत्त्वाचं, कारण नाल्यातून गाडी गेली आणि तिथून पाणी आत शिरलं की तेल ताकासारखं पांढरं होतं. दुसऱ्या दिवशी प्लग उघडून ताक निघालं की मिस्त्री म्हणायचे, घोंगडी पातळ झाली.

इंजिनाच्या मागच्या मेन बेअरिंगची कथा सर्वात अवघड. जुन्या इंजिनांत तिथे विणीची दोरी असे. ती मिळेना तेव्हा मिस्त्री चांदा फोर्टच्या नॅरोगेजवरच्या ओळखीच्या फिटरकडून वाफेच्या इंजिनात वापरतात ते ग्लँड पॅकिंग आणायचे. दोरी खाचेत ठेवून गोल लोखंडी दांड्यानं घोटून बसवायची, टोकं खाचेच्या किंचित वर ठेवून धारदार पात्यानं कापायची. वर राहिलेलं टोक दाबलं जातं तेव्हाच ते घट्ट बसतं. त्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. आम्ही ते दातांनी तोडायचो. त्याच्या धुळीनं फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच बेअरिंगच्या टोपीच्या दोन्ही बाजूंना रबराच्या दोन छोट्या कांड्या घालाव्या लागतात. त्या अंदाजे पाव इंच बाहेर ठेवायच्या. खालचं तेलाचं भांडं आवळलं की दाबल्या जातात आणि फट भरते. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण ती नसली तर वरची सगळी मेहनत फुकट. त्यासाठी तेल न पिणारं रबर हवं. मिस्त्री पेट्रोल पंपावरच्या टाकाऊ होजचे तुकडे साठवून ठेवायचे. पेट्रोल वाहून नेणारा पाइप पेट्रोल पीत नसणार, हा साधा तर्क. तरीही वापरण्याआधी बशीत रात्रभर ठेवायचेच.

आणि लाख. आपल्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर लाखेचा किडा पोसला जातो. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. तेच मिश्रण दाट करून मिस्त्री कागदाच्या पॅकिंगला, बोल्टच्या आट्यांना, पेट्रोलच्या वाटीच्या बुचाला लावायचे. स्पिरिट उडून जातं आणि मागे राहिलेली लाख ना पेट्रोलमध्ये विरघळते ना तेलात. हा काही जंगली जुगाड नव्हता. परदेशातही पॅकिंगला लावायला लाखेचं द्रावण डबीतून विकलं जायचं. फक्त आमच्याकडे ती झाडावर मिळायची. टाकीला बारीक चीर गेली तर कपडे धुण्याचा साबण चोळायचा; पाण्यात विरघळणारा साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. सगळं पुन्हा तिथेच येतं, आधी तेल.

सगळेच प्रयोग जमले असं नाही. बुचाच्या झाडाची साल आम्ही करून पाहिली. नाव बुचाचं, फुलांचा वास सुंदर, पण सालीचं पॅकिंग भुसभुशीत. आवळलं की चुरा.

चंद्रपुरात रबराची ददात मिटली ती मोटारींमुळे नव्हे, कोळशामुळे. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ पर्यंत पूर्ण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, आणि १९८० च्या दशकात दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचे संच सुरू झाले. उघड्या खाणींवर मोठाली हायड्रॉलिक यंत्रं आली. त्यांच्या नळ्यांचं अस्तर आणि ओ-रिंगा खनिज तेलात टिकणाऱ्या नायट्राइलच्या. भंगाराच्या दुकानात त्यांचे ढीग. ओ-रिंगची दोरी तिरपी कापून टोकं झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडली, की हव्या त्या मापाची रिंग तयार. कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडेही मुबलक होते आणि नवशिके मेकॅनिक त्यातून सील कापायला बघत. मी त्यांना बशी मांडून दाखवायचो. तो बेल्ट इंजिनाच्या खालच्या गाद्यांना उत्तम, तेलात कुचकामी.

पण तोवर डिस्पोजलच्या जीप संपत आल्या होत्या. डिझेल इंजिनाच्या गाड्या आल्या, रस्ते झाले, पूल झाले. बऱ्याच जुन्या गाड्या भंगारात वजनावर गेल्या. काही गोठ्यात, गोदामात, सागाच्या ओंडक्यांमागे राहिल्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले: नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. त्यानंतर अशा गाड्या शोधणारी तरुण मंडळी माझ्याकडेही येऊ लागली.

मागच्या वर्षी असाच एक जण आला. आजोबांची जीप त्यानं मोठ्या हौसेनं उभी केली होती. इंजिन मी सांगितलं तसं बांधलं, पेट्रोलच्या वाटीला नवं बूच, त्यावर लाख. दीड महिन्यात बॉनेटखाली पेट्रोलचा वास. “सर, रबर कोणतं लावू?” त्यानं विचारलं. मी त्याला म्हटलं, तू पंपावर जा आणि बाटलीभर पेट्रोल घेऊन ये.

आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि लाख विरघळते ती अल्कोहोलमध्येच. सुताराच्या स्पिरिटमध्ये तेच तर असतं. हे मला माहीत होतं, पण हातानं केलेलं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मनाला पटत नाही. त्याच्यासमोर बशा मांडल्या. एकीत लाखेची पापडी, एकीत ट्यूबचा तुकडा, एकीत फ्लोरोकार्बन रबराचा, ज्याला बाजारात वायटन म्हणतात. सकाळी ट्यूब फुगलेली, वायटन रेघेवर, आणि लाख बोटाला चिकटत होती.

वायटनची रिंग काश्मिरी गेटहून कुरिअरनं पाच दिवसांत आली. लाखेची बाटली मात्र मी टाकलेली नाही. गिअरबॉक्सच्या तेलात अजून अल्कोहोल मिसळत नाहीत, तिथल्या कागदी पॅकिंगला ती चालते.